स्टोव्हवर घातलेलं नाव

पोलादपूरच्या स्टँडवर मुंबईची एस.टी. सुटायला आली, तेव्हा माझ्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला पितळी स्टोव्ह होता. नवी नवरी स्टोव्ह कवटाळून बसलेली पाहून कंडक्टर हसला. पण तो टपावर टाकायला मी तयार नव्हते.

तो बाबांनी महाडच्या बाजारातून आणला होता. शेजारीच विलायती स्टोव्ह मांडलेला होता, त्याला त्यांनी हातही लावला नाही. "देश बाहेर विकतोय कमी आणि बाहेरून विकत घेतोय जास्त. ती तूट माझ्या मुलीच्या लग्नात नको वाढायला." आई जवळच्याच कापडे गावची. ती मला कुजबुजली, "गो बाय, मुंबईची माणसं हायत. देशी म्हटलं की नाक मुरडतील." भांड्यांवर नावं घालणारा आला, तेव्हा तिने कारखान्याच्या देशी शिक्क्यावरच ठोकून घेतलं: 'माहेरची भेट, पोलादपूर'.

गिरगावात सासरी आठवडाभरातच स्टोव्हची हवा उतरू लागली. सासूबाई शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "सूनबाई, इतका धापा टाकतोय म्हणजे देशीच असणार!" बाबांची निवड चाळीभर हसण्यावारी जाणार, हे मला सहन होईना.

मी टाकीला साबणाचं पाणी लावलं आणि हवा भरली. बुडबुडा आला तो नेमका 'पोलादपूर'मधल्या 'ला'वर. नाव घालणाऱ्याची छिन्नी आरपार गेली होती. सासूबाईंना बोलावून दाखवलं. आईने नाव तिथेच का घातलं, तेही सांगितलं. "स्टोव्ह चांगलाच आहे. लाज आम्हाला वाटली."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "विहीणबाई माझ्याच जातकुळीच्या निघाल्या की!" त्यांचा विलायती स्टोव्ह माळ्यावर होता. बाहेरचा माल येणं बंद झाल्यापासून त्याचा बर्नर मिळत नव्हता. तरी पाहुण्यांसाठी तो घासूनपुसून ठेवलेला. माझ्या स्टोव्हच्या भोकावर मात्र चाळीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात कथलाचा डाग देऊन मिळाला. पुढे तुमच्या आईची पहिली पेज त्याच्यावरच शिजली.

नातवंडांनो, तुम्ही परदेशातून पाठवलेली वस्तू मी आधी उलटी करून कुठे बनली ते बघते. कुठलीही असो, वापरते. देशी निघाली तर शेजारी मुद्दाम दाखवून येते.

स्टोव्ह अजून माझ्या फळीवर आहे. 'ला' डागाखाली गेलाय. तरी मी वाचते तेव्हा पोलादपूर पूर्णच वाचते. आलात की तुम्हीही वाचून बघा.