धुरपदाबाईंचं प्रेशर

सुरतच्या पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमधले खानदेशी कामगार धुरपदाबाईंकडे जेवायचे. नवरा गेल्यावर बाईंनी राहत्या खोलीतच खानावळ काढली होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी, सणाला मांडे. तिखटामिठाचा हात सढळ, तोंड फटकळ. पण पाळी सुटून उशिरा येणाऱ्याचं ताट त्या न विसरता झाकून ठेवत.

गेल्या पावसाळ्यानंतर मुलगा योगराज त्यांना मोटरसायकलवर बाजाराला नेत होता. रस्त्यात कुत्रं आडवं आलं. योगराजला नुसतं खरचटलं. बाई डोक्यावर आपटल्या. मेंदूत रक्त साकळलं, ऑपरेशन करावं लागलं. शुद्ध आली, पण मधेच अंगाला दरदरून घाम सुटायचा, छाती धडधडायची आणि प्रेशर दोनशेच्या वर जायचं.

डॉक्टर गुजराती होते. त्यांनी योगराजला हिंदीत समजावलं, की मार बसलेल्या मेंदूचा कधी कधी प्रेशरवरचा ताबा सुटतो. हळूहळू येईल ताळ्यावर, तोवर गोळ्या आणि कमी मीठ.

घरी आल्यावर सून गायत्री सकाळ-संध्याकाळ दंडाला मशीनचा पट्टा बांधू लागली. बाई महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा शेगडीपाशी उभ्या राहिल्या. गोळ्यांनी मात्र गुंगी यायची. एकदा फोडणी करपली आणि जेवणारे हसले. दुसऱ्या दिवसापासून त्या गोळी तोंडात टाकायच्या आणि गायत्रीची पाठ वळली की मोरीत थुंकायच्या.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या सकाळी पीठ मळताना त्यांचं डोकं ठणकायला लागलं, समोरची गायत्री दोन-दोन दिसायला लागली, मग उलटी झाली. गायत्रीने पट्टा बांधला. आकडा दोनशे तीसच्या पुढे. तिने योगराजला हाक मारली आणि पिठाच्या हातांसकट सासूला रिक्षात घातलं.

वेळेत पोचले, म्हणून निभावलं. प्रेशर उतरल्यावर डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं. बाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"आई, खरं सांगा," गायत्री म्हणाली.

"थुंकी दिऊ मी," बाई पुटपुटल्या. "माले झोप येस. उभं राहता येत नही. सांगाले लाज वाटे."

गायत्रीने ते डॉक्टरांना हिंदीत सांगितलं. ते रागावले नाहीत. "मासी, ये दवा एकदम बंद करो तो प्रेशर उछलता है. नींद आती है तो मेरे को बोलने का. मैं बदल दूंगा." त्यांनी एक गोळी बदलली, दुसरीचं प्रमाण थोडं थोडं कमी करत नेलं.

योगराज परत मोटरसायकलवर बसला नाही. ती त्याने विकून टाकली. बाईंनी त्याला दोष दिला नव्हता, पण अपघातावर कधी बोलणंही झालं नाही.

स्वयंपाक आता गायत्री करते. भाजी सगळ्यांनाच कमी मिठाची, मिठाची वाटी मधे ठेवलेली. काही जण दुसऱ्या खानावळीत गेले. जुन्या शालिग्रामने पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं.

"मावशी, भाजी अळणी शे."

"मीठ समोर शे, हात तुले शे," बाई म्हणाल्या. तो हसला आणि जेवला.

प्रेशर दोनशे तीसवर गेलं त्या दिवसापासून बाईंचा डावा हात बधिर आहे, त्यामुळे भाकरी थापता येत नाही. प्रेशर बहुतेक दिवस आवाक्यात असतं. कधी चढलंच, तर गायत्री त्यांना शांत बसवते, थोड्या वेळाने पुन्हा मोजते आणि उतरलं नाही तर डॉक्टरांना फोन लावते. गोळी गिळल्यावर बाई तिला तोंड उघडून दाखवतात. दुपारी झोपतात, आणि कुणी उठवलं तर ओरडतात.