भिंतीला कान

भिंतीपलीकडे शेजारचे नाना एकटे, अलीकडे मी एकटी. त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या भिंतीतून ऐकू आल्या, की मी निर्धास्त व्हायची. मग त्यांच्या मुलाने केबल काढून टाकली आणि स्वस्तात पडतं म्हणून मोबाइलवर सगळं लावून दिलं, वर कानात घालायला इयरफोन. त्यांचं बघून मीही तेच केलं.

भिंतीला कान असतात म्हणतात; आमच्या भिंतीला हल्ली माझाच कान असतो. पलीकडे नाना ऐकत बसलेत की पडलेत, काही कळत नाही.

काल राहवलं नाही. विरजण मागायच्या निमित्ताने बेल वाजवली. दार उघडेना. हातातल्या वाटीनेच ठोठावत राहिले.

अखेर दार उघडलं. इयरफोन काढत नाना म्हणाले, "अगं, आहेस ना! तुझाही टीव्ही ऐकू येईनासा झाला, तेव्हापासून रोज भिंतीला कान लावतो."