बत्तीसशेचं माप

या पृथ्वीवर कुणालाही कुठलीही वस्तू अजून पुरती मोजून मिळालेली नाही, यावर आमच्या इवायांचा जेवढा विश्वास आहे तेवढा पुजाऱ्याचा देवावर नसेल. इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. पुण्याकडचे लोक व्याही म्हणतात, कन्नडमध्ये बीगरु म्हणतात, आणि आमच्या आळंदच्या बाजारात त्यांना नुसतं ‘काटेवाले साहेब’ म्हणतात, कारण उभी नोकरी त्यांनी वजनमापं तपासण्यात घालवली. तुरीच्या हंगामात ते गुलबर्ग्याहून निघाले की त्यांची बस आळंदच्या वेशीत शिरायच्या आत बाजारातले सगळे काटे आपोआप सरळ व्हायचे, असं लोक सांगतात. मी ते डोळ्यांनी पाहिलंय असं सांगतो, कारण लोकांपेक्षा कमी सांगणं मला जमत नाही. मुलगी बघायला आमच्याकडं आले तेव्हा चहाचा कप त्यांनी डोळ्यांच्या पातळीवर धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मला वाटलं कपाला चीर आहे. ‘कपवाल्यानं तुमाला शंभर मिलीचा म्हणून दिला असंल,’ ते म्हणाले, ‘ह्यो नव्वदचाच हाय.’ मुलीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. घरी जाऊन होकार कळवला.

निवृत्तीनंतर सरकारनं त्यांची सील दाबायची पक्कड आणि शिक्का काढून घेतला, पण डोळे काढून घ्यायची सोय सरकारकडं नव्हती. त्यामुळं घरातली गॅसची टाकी आधी काट्यावर चढते मग चुलीपाशी जाते. दूधवाला त्यांच्या दारात आला की माप ओतताना श्वास धरतो. एकदा देवळात प्रसादाचा लाडू त्यांनी हातावर तोलला आणि पुजाऱ्याकडं असं पाहिलं, की त्या गरिबानं न मागता दुसरा दिला. माणूस मात्र लबाड नाही. लाडू जास्त भरला असता तर त्यांनी जास्तीचा तुकडाही परत केला असता. आपल्याला जास्त मिळावं म्हणून त्यांची ही धडपड नव्हती, लिहिलंय तेवढं असावं एवढंच त्यांचं म्हणणं होतं. अशा माणसाच्या घरी मी माझ्या हातानं कॉम्प्युटर पाठवला, आणि तेव्हापासून जो थकलोय तो अजून थकलेलाच आहे.

लग्नात लेकीला, अश्विनीला, मी फ्रिज देणार होतो. तिनं कॉम्प्युटर मागितला. बेंगळुरातल्या एका प्रकाशनाकडून तिला घरबसल्या काम मिळालं होतं, शाळेच्या मराठी-कन्नड पुस्तकांची पानं लावायचं. नोकरी कच्ची होती. पहिलं पुस्तक वेळेवर आणि बिनचूक गेलं तर पक्की करू, असं त्यांनी सांगितलेलं. लेक खुश, मी खुश. मग एके दिवशी मी दुकानात बारदानाच्या गठ्ठ्याला टेकून बसलो असताना इवायांचा फोन आला. आवाज सुतकातला.

‘इवाई, तुमाला फसिवलंय.’

‘कुणी? कामून?’

‘कॉम्प्युटरवाल्यानं. आतल्या मेमरीच्या पट्टीवर बत्तीसशे लिवलंय. मी आत जाऊन बघितलो. चालतीय एकवीसशे तेहतीसवर.’

‘मशीन चालतंय न्हवं पण?’

मग ते म्हणाले, ‘एक किलोच्या पिशवीत कुणी सातशे ग्रॅम तूर दिली तर तुमी खिचडी होतीय म्हणून गप बसता व्हय?’

आता खरी गोष्ट अशी, की यात कुणीच कुणाला फसवलं नव्हतं. मेमरीची पट्टी बत्तीसशेला पळू शकते, पण मशीन तिला आधी बेतानंच चालवतं. पुरती पळवायची तर सेटिंगमध्ये जाऊन तसं सांगावं लागतं. इवायांनी हे इंटरनेटवर वाचलं, सांगितलं, आणि मशीन पळायला लागलं. पळालं आणि पडलं. अश्विनीचा अर्धा धडा गेला. पडदा निळा झाला आणि त्यावर एक इंग्रजी माफीनामा आला. इवायांनी तो माफीनामा वाचला आणि फेटाळला.

मग त्यांना बायॉसचा शोध लागला. बायॉस म्हणजे मदरबोर्डच्या पोटातलं एक लहानसं बाड. मशीन चालू झालं की ते सगळ्यात आधी उठतं आणि मग घरातल्या थोरल्या सुनेसारखं बाकीच्या सगळ्यांना उठवतं. कंपनीनं त्याची नवी आवृत्ती काढली होती आणि तिच्यात मेमरीचं जमवून घ्यायचा गुण जास्त आहे असं लिहिलं होतं. लिहिलं होतं म्हटल्यावर संपलंच. अडचण एकच. जुनं बाड काढून नवं बसवताना मधेच वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा निजतो. आणि आमच्या भागात वीज कधी जाईल हे वीजसुद्धा सांगू शकत नाही.

त्या शनिवारी दुपारी मला टॉर्च धरायला बोलावून घेतलं होतं. मी पोचलो तर ओसरीवर लाइनमन बसलेला, हातात चहा, पुढ्यात चुरमुऱ्यांच्या सुशीलाची बशी.

‘ह्यांला कामून बसिवलंय?’ मी हळूच विचारलं.

‘लाइन घालवणारा माणूस आपल्या घरात असल्यावर लाइन जातीय कशी?’ इवाई म्हणाले. गेली तीस वर्षं हा देश विजेचा विचार करतोय, पण इतक्या सरळ वाटेनं कुणी गेलेलं नाही.

शेजारच्या गिरणीची अक्का तर स्वतःहून आली होती. गिरणी सुरू झाली की गल्लीतले दिवे माना टाकतात, म्हणून इवायांनी तिला पट्टा थांबवायला सांगितलेलं. ‘साहेबाच्या घरात कॉम्प्युटरचं ऑपरेशन हाय’ एवढं सांगून तिनं जात्यावरची ज्वारी तशीच ठेवली, आणि डबे घेऊन बसलेल्या बायाही मागोमाग आल्या. सगळ्यांच्या केसांवर पीठ. इवायांनी पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं, पडद्यावर पट्टी सरकू लागली. कुणी शिंकलं नाही. पट्टी भरली, मशीन बंद झालं, पुन्हा चालू झालं, पंखे फिरू लागले, आणि पडदा काळाच राहिला.

काळा म्हणजे काळाच. लाइनमननं चहा खाली ठेवला. ‘साहेब, एकदा बंद करून चालू करा की,’ तो म्हणाला. इवाई दोन्ही हात पसरून स्विचपुढं उभे राहिले. ‘हात लावायचा न्हाई. मेमरी स्वतःला मोजून घ्यायलीय. मोजमापात मधी बोलू न्हाई.’ आणि खरंच, सगळ्यांचा श्वास संपत आला तेव्हा पडद्यावर चिन्ह उगवलं. अक्कानं हात जोडले. इवायांनी आत जाऊन पाहिलं तर नव्या बायॉसनं आल्याबरोबर जुने सगळे शेरे पुसले होते, आणि मेमरी परत एकवीसशे तेहतीसवर. मी तिथंच खाली बसलो. त्यांनी मात्र चष्मा पुसला आणि पुन्हा बत्तीसशे केले.

त्यानंतरचं वाईट असं, की मशीन बऱ्यापैकी चालू लागलं. आधी रोज पडायचं, त्यात एक प्रामाणिकपणा होता. आता चार दिवस गुणानं राहायचं आणि पाचव्या दिवशी, नेमकं पान पुरं होताना, गोठायचं. इवाई पट्ट्या काढायचे, त्यांची सोनेरी टोकं खोडरबरानं घासायचे, जागा बदलायचे, एकेक लावून बघायचे, आणि मी आळंदहून बस धरून येऊन टॉर्च धरायचो. माझी मान एका बाजूला वाकली ती त्या टॉर्चनं. बायको म्हणते आधीपासूनच वाकडी होती, पण तिचं मोजमाप मी मानत नाही.

सासऱ्यांना मामा म्हणणारी अश्विनी मला फोनवर म्हणायची, ‘अप्पा, तुमी सांगा की मामांना. पुस्तक द्यायची तारीख जवळ आली. परत मशीन पडलं तर नोकरी जातीय माझी.’

‘मी कसं सांगू बाई? मुलीकडचा माणूस मी. तुझ्या नवऱ्याला सांग.’

‘ते बेंगळुरातनं म्हणायलेत, आई गेल्यापासनं बाबा पहिल्यांदाच कशात तरी रमलेत, ऱ्हाऊ दे.’

झालं. जावई दूर, लेकीला बोलता येत नव्हतं, मला बोलायचा हक्क नव्हता. असा तिढा कुठल्याच बायॉसमधून सुटत नाही.

पुस्तक द्यायच्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला. मशीन परत गोठलं होतं, एक अख्खा धडा गेला होता, आणि संध्याकाळपर्यंत सगळं पाठवायचं होतं. आज सांगायचंच, असं ठरवून मी निघालो. वाक्य बसमध्ये घोकलं, इतकं की शेजारचा माणूस उठून उभा राहिला. पण दारात इवायांनी ‘या, या’ म्हणून हात धरला, आणि वाक्य चपलांबरोबर बाहेरच राहिलं.

अश्विनी मशीनवर होती. इवाई तिच्या मागं खुर्चीत, मी बाजूला. ती एक ओळ लिहायची आणि डाव्या हाताची दोन बोटं खाली दाबायची. एक ओळ, दोन बोटं. परत ओळ, परत बोटं. इवाई बराच वेळ त्या बोटांकडं बघत होते.

‘बाळ, दर ओळीला ते काय दाबायलीस?’

‘सेव्ह करायलेय, मामा.’

‘दर ओळीला?’

‘सवय लागलीय,’ ती मागं न बघता म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

इवाई माझ्याकडं वळले आणि अगदी हळू म्हणाले, ‘काट्यावर भरवसा न्हाई म्हटल्यावर गिऱ्हाईक असंच करतंय, इवाई. नजर काढत न्हाई.’ मग उठले. ‘बाळ, जरा सरक. मशीन बंद करायचंय.’

तिचा चेहरा उतरला. आणि बाहेर राहिलेलं माझं वाक्य कसं कोण जाणे आत आलं. ‘इवाई, आज नको.’

‘आजच,’ ते म्हणाले.

सेटिंगमध्ये गेले. बत्तीसशेवर बोट ठेवलं आणि थांबले. मग ते काढून टाकलं. पडद्यावर एकवीसशे तेहतीस आलं, ते त्यांनी मनातल्या मनात वाचलं, ओठ हलले तेवढे. मशीन चालू करून खुर्ची तिच्याकडं सरकवली. संध्याकाळपर्यंत ते एकदाही गोठलं नाही. पुस्तक वेळेवर गेलं. पुढं नोकरीही पक्की झाली.

त्या संध्याकाळी इवायांनी पेटीतून तार आणि शिशाचा एक मणी काढला. सरकारी सामान परत देताना खिशात राहिला होता म्हणाले. कॉम्प्युटरच्या डब्याला मागं कुलूप लावायची कडी असते, तिच्यातून तार ओवली आणि घरच्याच पकडीनं मणी दाबून टाकला. काटा पास झाल्यावर मारतात तसं सील.

‘उभ्या नोकरीत कमी मापावर सील मारलो न्हाई,’ ते पक्कड पुसत म्हणाले. ‘आज मारलो.’

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. सुरुवातीला मी सुखानं झोपलो. मग अश्विनी सहज बोलता बोलता म्हणाली, की परवा गॅसची टाकी आली आणि मामांनी ती मोजली नाही. नुसती आत ठेवा म्हणाले. ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागेना. शेवटी मीच फोन केला.

‘इवाई, आमच्या दुकानात एक जुना कॉम्प्युटर हाय. कमी चालतोय असं वाटायलंय.’

‘बंद पडतोय व्हय?’

‘न्हाई.’

‘मग बघू नका.’

पण त्यांनी फोन ठेवला नाही. मागं गिरणीचा आवाज येत होता.

‘किती लिवलंय त्याच्यावर?’ त्यांनी विचारलं.

‘मला कुठं वाचाया येतंय ते. तुमीच या की.’

‘उद्याच्या बसनं येतो,’ ते म्हणाले. ‘पण नुसता बघणार. हात लावणार न्हाई.’

टॉर्चमध्ये मी नवे सेल घालून ठेवलेत.