पंचविसावं कुपन

लग्न होऊन मी चांदा जिल्ह्यातल्या मूल गावी आले तेव्हा हे तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. घरात हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंना सगळी आळी माय म्हणायची, म्हणून मीही मायच म्हणू लागले.

माय काहीच फेकायची नाही. भाताच्या गिरणीच्या रस्त्यावर दवाईचं एक दुकान होतं. दुकानदार पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर होता आणि खोकल्याचं गुलाबी मिक्श्चर स्वतः बनवायचा. बाटलीच्या पोटावर कापलेल्या कागदाची पट्टी डकवायचा आणि एकेका खाचेएवढा डोस घ्यायला सांगायचा. आपली बाटली नेली तर एक आणा कमी घ्यायचा. त्या एका आण्यासाठी माय बाटली राखेनं घासायची, आत तांदळाचे दाणे आणि पाणी घालून खळखळवायची, उन्हात उलटी ठेवायची, आणि दुकानात ती उजेडाकडे धरून म्हणायची, "पाय भाऊ, तुह्या कपाटातल्या शिशीपेक्षा साफ हाय का नाई?"

आम्हाला मुलगी झाली. पोट दुखून ती सारखी रडायची, म्हणून यांनी ग्राइप वॉटर आणलं. खोक्यातून एक रंगीत कुपन निघालं. त्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र होतं आणि मागे बक्षिसांची यादी. मी चौथीपर्यंत शिकलेली. यादी मायला मोठ्यानं वाचून दाखवली. पाच कुपनांना कंगवा, वीस कुपनांना गरम पाण्याची रबरी पिशवी, पंचवीस कुपनांना थर्मामीटर. मुदत दिवाळीपर्यंत. कुपनं दुकानदाराकडेच द्यायची.

माझं मन थर्मामीटरवर बसलं. आमच्याकडे पावसाळ्यानंतर घराघरात हिवताप. पोरीचं अंग तापलं की मी कपाळाला हात लावायची, मग स्वतःच्या कपाळाला, आणि मला काहीच कळायचं नाही. मायचं मन पिशवीवर. तिचे गुडघे दुखायचे.

"पारा पाहून का ताप उतरते?" ती म्हणाली. "पिशवीनं तरी मले आराम पडंल."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. कुपन तिनं तांदळाच्या डब्यात ठेवलं.

त्या दिवसापासून ती आळीतल्या प्रत्येक बाळंतिणीची चौकशी करू लागली. कोणाचं बाळ रडतं, कोण दवाई आणतं, खोकं कुठे फेकतं. मागच्या अंगणात तिनं वांग्याची रोपं केली होती. एका कुपनाला चार रोपं, असा तिनं भाव ठरवला. बायका हसत, पण खोकी जपून ठेवू लागल्या. एकजण तर मळलेलं, अर्धं चाटलेलं कुपन घेऊन आली. मायनं ते ओल्या फडक्यानं पुसून, वाळवून घेतलं आणि रोपं तीनच दिली.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा डब्यात चोवीस कुपनं होती. त्यात आमच्या पोरीची नऊ. आता ती मोठी झाली होती, भात खायची, पोटही दुखत नव्हतं. आळीत दुसरं तान्हं मूल नव्हतं.

बाजाराच्या दिवशी जंगलाकडच्या गावातली एक गोंड बाई मध विकायला यायची. मायची आणि तिची तंबाखूची ओळख. दोघी टोपल्यांच्या मागे बसून एकाच बटव्यातली तंबाखू खात. त्या दिवशी त्या बाईनं बटवा उघडला आणि आत आमच्यासारखंच कुपन. नातीसाठी तिनंही बाटली नेली होती.

मायनं लगेच हात पुढे केला. "हे मले दे. वांग्याची रोपं देतो, वरून मिरचीची देतो."

त्या बाईनं कुपन उलटसुलट केलं. "माही नात रडली का मी हे तिले दाखवतो," ती म्हणाली. "ह्या लेकराले पाहून ते चूप बसते."

मी मायकडे पाहत होते. एका आण्यासाठी बाटलीत तांदूळ खळखळवणारी बाई. आता ही भाव वाढवणार, असं मला वाटलं. मायनं थोडा वेळ चित्राकडे पाहिलं, मग ते त्या बाईच्या बटव्यात ठेवून बटवा मिटला.

"राहू दे वो," ती म्हणाली. "नातीले खेळू दे."

रोपं मात्र तिनं दिलीच, मिरचीचीसुद्धा.

धनत्रयोदशीच्या सकाळी आम्ही दोघी दुकानात गेलो. मायनं चोवीस कुपनं काचेवर मांडली. दुकानदारानं दोनदा मोजली.

"माय, एक कमी हाय."

"एकानं का होते? तुह्या घरचं तर जाऊन नाई राह्यलं."

"कंपनीले मोजून पाठवा लागते. वीसची पिशवी घेऊन जा. तुमचेच गुडघे दुखतेत ना? वरच्या चाराचं काहीच नाई भेटणार, पण पिशवी पक्की."

त्यानं पिशवी काढली. लाल रबराची, नवी कोरी, तिला रबराचा वास येत होता. मायनं ती हातात घेतली, दाबून पाहिली, गुडघ्यावरही ठेवून पाहिली. मी मनातल्या मनात थर्मामीटरचा नाद सोडला. खरं सांगते, वाईट वाटलं नाही. तिनंच तर जमवली होती सगळी.

मायनं पिशवी परत काचेवर ठेवली.

"ग्राइप वॉटरची एक बाटली दे," ती म्हणाली.

"पण पोरगी तर आता मोठी झाली," मी म्हटलं.

"झाली ना. मले ठाऊक नाई का?" कनवटीचे पैसे काढत ती दुकानदाराला म्हणाली, "खोकं इथीच फोड. कागद काढ, पंचवीस कर, अन् सुनेले थर्मामीटर दे. रात्री दहादा उठून पोरीच्या कपाळाले हात लावते ते. तिचीही झोप नाई, माहीही नाई."

दुकानदार इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला.

पूर्ण किमतीची बाटली घेताना मी तिला तेव्हा एकदाच पाहिलं. ती वाया जाऊ देणं शक्यच नव्हतं. जेवण झालं की माय स्वतःच एक चमचा घ्यायची, डोळे मिटून, आणि म्हणायची, "बडीशेपेवानी लागते. पोरं काऊन रडत असतील हे घेताना?"

यांनी मला पारा झटकायला आणि आकडा वाचायला शिकवलं. पहिला ताप मायचाच पाहिला. तिला काहीच झालं नव्हतं. अठ्ठ्याण्णव आलं. मग तिनं रोज सकाळी मोजून घ्यायचा हट्टच धरला. कोणी रस्त्यात "बरी हाय ना माय?" विचारलं की म्हणायची, "अठ्ठ्याण्णव."

थंडी सुरू झाली आणि शेजारणीला ताप भरला. धान कापणीचे दिवस. घरचे म्हणाले, हिवताप आहे, उतरेल. मायनं मला थर्मामीटर घेऊन पाठवलं. सकाळी एकशे तीन. दुपारी एकशे चार. संध्याकाळी एकशे पाच, आणि ती बाई असंबद्ध बोलू लागली. मी प्रत्येक वेळचा आकडा पाटीवर लिहिला होता. मायनं पाटी शेजारणीच्या नवऱ्यापुढे धरली.

"हे पाय. चढूनच राह्यला. आता उतरायची वाट पाहू नको."

सकाळच्या पहिल्या गाडीनं त्यांनी तिला चांद्याच्या दवाखान्यात नेलं. आकडे मी कागदावर उतरवून दिले होते. डॉक्टरांनी तो कागद नीट वाचला आणि विचारलं, कोणी लिहिलं हे? दहा दिवसांनी शेजारीण चालत घरी आली. अशक्त होती, पण आमच्या ओट्यावर बसून तिनं पोटभर चहा प्याला. त्यानंतर ताप आला की लोक आधी आमच्या दारात यायचे. दार उघडायला मायच पुढे असायची आणि हातपाय धुवायला लावल्याशिवाय कोणाला आत घ्यायची नाही.

दोन वर्षांनी यांची बदली सिरोंच्याकडे झाली. आधी मोटार, पुढे बैलगाडी. सामान बांधताना थर्मामीटर कुठे ठेवावा, ते मला सुचेना. पेटीत फुटेल, कपड्यांत फुटेल. मायनं तो त्याच्या झाकणाच्या नळीसकट स्वतःच्या चोळीत ठेवला. दोन दिवसांचा प्रवास ती ताठ बसून आली. धक्के बसले तरी मागे टेकली नाही, पोरीलाही छातीशी घेतलं नाही. नव्या घरी पोचल्यावर तिनं आधी नळी काढली आणि थर्मामीटर मला वाचायला दिला.

"किती हाय?" तिनं विचारलं.

थर्मामीटर साबूत होता. "तुम्हाला ताप नाही," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी चुलीसाठी दगड शोधायला निघालो.