रोज एक हात सरकणारा बांबू

हे लिहायला मी तीन आठवडे टाळाटाळ केली. आधी मावसभावाचं लग्न आडवं आलं, मग मोबाईल पडला, मग सरळ सरळ आळस. खरं सांगू? जे पाहिलं ते अजून डोक्यात नीट बसलेलं नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "फेकू नको." म्हणून आता तुम्हाला सांगतो.

निघालो होतो हेमलकशाला. राजुऱ्याहून बाईक, पाठीवर एक बॅग, आणि मनगटावर मावसभावाचं घड्याळ, त्याला न विचारता घेतलेलं. पावलं, किलोमीटर, झोप, सगळं मोजतं. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी असा रस्ता. जाणार असाल तर आष्टीतच टाकी फुल करून घ्या, आणि तोंडाला रुमाल बांधा. पुढे ट्रकांची लाल धूळ एवढी, की चहावाल्यानं मला ओळख नसताना विचारलं, "होळी झाली का भाऊ तुमची?"

लगाम गावात कोणीतरी म्हणालं, मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावांत रसगुल्ला कढईतून गरम काढून देतात. हेमलकसा राहिलं बाजूला, मी फाट्याला वळलो. माझं असंच होतं. बारावी पण अशीच राहिली.

पुढच्या चढावर मला एका सायकलनं मागं टाकलं. मी नकाशा बघत हळू चाललो होतो, मान्य. पण ती साधी काळी सायकल होती, कॅरिअरवर मासळीचं टोपलं, आणि चालवणारी बाई खोचलेल्या साडीत. पायात बूट. मी गाडी पळवून तिला गाठलं.

"ताई, एवढ्या घाईत कुठी?"

"बाजारात. मासोळी काय तुमच्यासाठी थांबते, भाऊ?"

हीच सुनंदा. तलावावर मासे धरणाऱ्या घरातली, वय तिशीच्या आसपास, एक पोरगी शाळेत, नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. बाजार उठल्यावर रसगुल्ले खाताना (खरंच गरम होते, आणि स्वस्त) तिनं जे सांगितलं त्यानं माझा चमचा हातातच राहिला. तिनं ट्रायथलॉनला नाव दिलं होतं. नागपूरकडच्या एका तलावावर. दीड किलोमीटर पोहायचं, मग चाळीस किलोमीटर सायकल, मग दहा धावायचं. सगळं एका दमात.

"मोबाईलवर पाह्यलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, हे तं माझं रोजचंच हाय. फक्त लोकं टाळ्या वाजवून राह्यले."

धावणं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तेही उजाडल्यावरच. अंधारात तिकडे पट्टेदार फिरतो, आणि त्याच्याशी शर्यत कोणालाच नको. सायकल बाजाराची. राहिलं पोहणं, आणि तिथंच सगळं अडलं होतं. पंचेचाळीस मिनिटांत पाण्याबाहेर आलं नाही तर पुढं जाऊ देत नाहीत. ती दिवाळीपासून रोज पोहत होती आणि बावन्न मिनिटांच्या खाली येतच नव्हती.

"जोर लावला तरी बावन्न, नाई लावला तरी बावन्न. उद्या शेवटचं पाहतो. नाई झालं तं फोन करून नाव काढून टाकतो."

त्यांच्या पडवीत मुक्काम केला. भात आणि झिंग्याचं कालवण, एवढं तिखट की कान गरम. सासू पार्बताबाई वाढत होत्या, आणि वाढता वाढता सुनेला टोचत होत्या.

"आमची सून बिना जाळ्यानं पाण्यात उतरते, बाबू. रिकाम्या हातानं गेली, रिकाम्या हातानं आली. मासोळ्या बी हासत असन."

सुनंदा पोरीचं दप्तर भरत होती.

सकाळी स्वयंपाक, पाणी, पोरीची वेणी, सगळं उरकून ती तलावावर आली. तिचं माप साधं होतं. दिवाळीत शाळेच्या टेपनं शंभर मीटर दोरी मोजली होती. काठावरच्या दगडापासून ती दोरी ताणून, संपली तिथं पाण्यात बांबू रोवला. दगड ते बांबू शंभर. पंधरा वेळा केलं की दीड किलोमीटर. पार्बताबाई रोज त्याच बांबूला जाळं बांधून डोंग्यात बसायच्या. डोंगा म्हणजे लाकूड कोरून केलेली होडी.

मी तिच्या मनगटावर घड्याळ बांधलं. ती गेली. धुक्यात फक्त हाताचा आवाज. पंधरा फेऱ्यांनी ती बांबूपाशी डोंग्याला धरून थांबली आणि घड्याळ बंद करून पाहिलं. बावन्न मिनिटं. तिथूनच मला ओरडून सांगितलं, "झालं, भाऊ. देतो काढून नाव."

काठावर आल्यावर घड्याळ हातात घेतलं तर त्यावर किलोमीटर दिसत होते दोन पूर्णांक दोन.

मला वाटलं घड्याळ बिघडलं, आता मावसभाऊ मारतो. सुनंदा मात्र घरी पळाली आणि जुनी दोरी घेऊन आली. एक टोक मी दगडावर धरलं, दुसरं घेऊन ती पाण्यात शिरली. दोरी संपली. बांबू अजून पुढं होता. थोडा नाही, दोन-तीन घरं मावतील एवढा पुढं.

पार्बताबाई जाळ्यातून मासे सोडवत होत्या. मान वर केली नाही.

"आत्याबाई, बांबू कोणी हालवला?"

"मीनं."

"काऊन?"

"पहिले म्हटलं, थकन अन् सोडन. रोज एक हात सरकवला." एक मासा टोपल्यात पडला. "सोडलीच नाई तू. मंग म्हटलं, पाहू तं किती जाते."

"तीन महिने रडून राह्यली होती मी!"

"रडता रडता बी पोहत होतीच नं."

मी दगडावर बसलोच. मोबाईलवर हिशेब केला: खरं दीड किलोमीटर तिला पस्तीस-छत्तीस मिनिटांत जमत होतं. तिला सांगितलं. तिनं ओला पदर पिळला आणि टोपलं भरायला लागली. तेवढ्यात पार्बताबाई आल्या, भरलेलं टोपलं स्वतः उचललं, कॅरिअरवर बांधलं, गाठ ओढून पाहिली. "जा. बाजार उठन."

नाव काढायला फोन करणार का, हे मी विचारू शकलो नाही. राजुऱ्यात बसस्टँडच्या मागं राहतो, कधी लागलं तर या, एवढं सांगून निघालो. हेमलकसा तसंच राहिलं.

घरी येऊन घड्याळ परत दिलं, शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून एकच डोक्यात फिरतंय. माझं जे जे अर्धवट राहिलं, त्यात बांबू कोणी सरकवला नव्हता. मीच सोडून आलो होतो.

हे टाईप करतानाच दारात कोणीतरी आलं. पार्बताबाई. हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम.

"सून सायकलनं येऊन राह्यली, मी एसटीनं आली. उद्या नागपूरले जाचं हाय. घड्याळ घे अन् चाल."

शंभराच्या वर किलोमीटर. सायकलनं! "घड्याळ परत केलं, बाई," मी कसंबसं म्हणालो.

"मंग मागून आन." त्या उंबऱ्यावर टेकल्या. "तिथचा बांबू कोण रोवते, मले पाहाचं हाय."