माईकनं अक्काचा आवाज घेतलाच नाही

अशा लांबून वाचू नका बरं... जरा पुढे सरका. आणि आधीच “झालं, हिलाही भूत दिसलं” म्हणून हसायचं नाही. मीही तुमच्यासारखीच हसायची. या सदरातले अनुभव वाचून आमच्या ह्यांना म्हणायची — लोकांना कामधंदे नाहीत. आणि मला काही दिसलेलं नाहीच. ऐकू आलं. तेही भरदुपारी, धुळ्याला देवपुरातल्या आमच्या घरात, कॉम्प्युटरमधून.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो. माहेर आमचं सोनगीरजवळचं, पण तिला दिली रावेरकडे, केळीवाल्यांच्या घरात. तिकडे लग्नघरी तिच्या ओव्यांशिवाय हळद लागायची नाही. त्या ओव्या जोडीनं म्हणायच्या — एकीनं वरची ओळ म्हणून थांबायचं, दुसरीनं खालची जोडायची. अक्काची जोडीदारीण तिची जाऊ, सिंधू. सिंधू काविळीनं गेली. तेव्हापासून अक्का वरची ओळ म्हणायची, सिंधूच्या ओळीएवढी गप्प राहायची, मग पुढची उचलायची. मध्ये दुसऱ्या कोणी तोंड घातलेलं तिला चालायचं नाही.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. अक्काच्या गळ्यात गाठ निघाली. जळगावचे डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल... जगेल, पण आवाज जाईल. सोमवारी भरती व्हायचं ठरलं.

माझा मुलगा विलास कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. घरीही त्यानं स्वतः कॉम्प्युटर जोडला होता. म्हणाला, “आई, मावशीला घेऊन ये. आपला टेप कॅसेटी खातो. कॉम्प्युटरवर घेतलं की कायमचं राहील.” एक कंडेन्सर माईकही आणला — पेनाएवढा, पोटात सेल घालायचा.

शनिवारी अक्काला त्याच्यासमोर बसवलं.

“मावशी, हॅलो म्हण.”

“कोनले?” अक्का म्हणाली. “आठे ते कोनी नई.” इथं तर कोणीच नाही, म्हणे.

पण स्क्रीनवरची हिरवी रेघ हलेना. विलासनं सेल बदलला. पिन गुलाबी भोकातून काढून निळ्यात, परत गुलाबीत. आवाजाच्या खिडकीत माईकपुढची म्यूटची खूण निघाली, ती काढली. मग नुसती घूंऽऽ. म्हणाला, अर्थिंग कच्चं आहे. आमच्या ह्यांनी अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ घालून बादलीभर पाणी ओतलं, मी फ्रिज बंद केला. घूं गेली. विलास बोलला, रेघ नाचली. त्याचाच आवाज परत ऐकवला, स्वच्छ.

“आते म्हन वं अक्का,” मी म्हटलं.

अक्कानं सुरू केलं. आवाज फाटका झाला होता, पण ऐकणाऱ्याचा जीव गोळा व्हावा असा. एक ओळ... थांबली. दुसरी ओळ... थांबली. खोलीत आम्ही चौघंच, आणि तिच्या थांबण्यात कोणी हूं की चूं केलं नाही.

विलासचा चेहरा मात्र उतरत गेला. हळूच म्हणाला, “आई, उलटं होतंय. मावशी गाते तेव्हा रेघ सपाट. थांबते तेव्हा उठते.”

लावून ऐकलं. आधी काहीच नाही. मग एका बाईनं ओवीची खालची ओळ म्हटली. परत काही नाही. परत तीच बाई. ओळ संपताना आवाज जरा नाकातून सोडायची सवय.

अक्का म्हणाली, “सिंधू शे.” मग स्क्रीनकडे बोट केलं. “मी कोठे शे?”

विलासनं पुन्हा सगळं तपासलं. मी बोलले, माझा आवाज आला. हे खोकले, खोकला आला. अक्का गायली की सपाट. सिंधूचा आवाज कधी कोणी टेप केलेला नव्हता, आणि कॉम्प्युटर तर ती गेल्यानंतर घरात आला. संध्याकाळपर्यंत अक्काला गायला लावलं, ती गात राहिली. रविवारी गळ्यातून शब्दच फुटेना. सोमवारी भरती झाली.

विलासनं त्याच्या क्लासातल्या सगळ्यांना ऐकवलं. कोणी म्हणे साउंड कार्ड खराब, कोणी म्हणे तुम्ही दुसरीच बाई भरली. मी वाद घालत नाही. मलाही आजतागायत काही उमगलेलं नाही.

अक्का आहे अजून. घशाला भोक, त्यावर फडकं. लिहिता येत नाही तिला. धुळ्याला आली की खुणेनं ते रेकॉर्डिंग लावायला सांगते. मधल्या कोऱ्या जागेत तिचे ओठ हलतात. मी तोंडाशी कान नेते, खालच्या भोकातून नुसती हवा येते. सिंधूची एक ओळ आहे — “तिच्या अंगणी केळीला नवा कोंब ग फुटला.” तिच्या म्हणजे कोणाच्या, ते वरच्या ओळीत होतं. मी समोर बसून ऐकलं होतं, पण आवाज धरून ठेवायच्या नादात शब्दांकडे लक्षच गेलं नाही. तिच्या गावच्या बायकांनाही आठवत नाही.

रावेर-यावलकडची कोणी हे वाचत असाल, तुमच्या आईला, आत्याला या ओव्या येत असतील, तर त्यांना घेऊन या. एकेक ओळ म्हणून बघू, बरोबर असेल तिथं अक्का मान हलवेल. पण उशीर करू नका बाई... आता ती बसल्या बसल्या झोपते. लवकर या.