साडूंचे कंदीलमासे

आमच्या साडूंइतका मासळीत बुडालेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. आणि त्यांनी जन्मात माशाचा तुकडा काय, समुद्राची लाटसुद्धा पाहिलेली नाही. लातुरात डाळीचं दुकान, गळ्यात लिंग, घरात सोमवारी कांद्यालाही बंदी. पण कधीतरी मोबाईलवर खोल समुद्रातल्या बोटभर कंदीलमाशांचा व्हिडिओ त्यांनी पाहिला आणि माणूस वाहवला. तूरडाळ मागायला आलेल्या बाईला ते माप हातात तसंच धरून सांगत, "अक्का, ह्याच्या पोटाला दिवे असतेत. खालून बघणाऱ्याला सावली दिसू नये म्हणून!" अक्का म्हणे, "बरं, डाळीत खडे न्हाईत ना?"

साडूंच्या लेकीला बघायला उदगीरची मंडळी येणार होती, तेव्हा आम्ही बजावलं होतं, माशांचं नाव काढायचं नाही. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "तुम्हाला आवड कशाची?"

"मासे," साडू म्हणाले.

मुलाच्या आईचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबला. "खायाचे न्हाई हो, बघायचे!" म्हणत साडू घसरले ते थेट समुद्राच्या तळाला. मुलाचे वडील दाराकडे, आपल्या चपलांकडे बघू लागले. बायकोने मला कोपर मारलं, जणू मासे मीच आणले होते.

"दिवसभर खाली दडतेत, रात्री पोट भरायला वर येतेत," साडू रंगात आले होते. मुलाने एकदम विचारलं, "मग अंधारात आपली माणसं कशी वळखतेत?"

साडू अडकले. तेवढ्यात लेकच, कुणी न बोलावता, स्वयंपाकघरातून बाहेर आली. "दिव्यांवरून. प्रत्येक जातीची मांडणी वेगळी असती. बाबा, तुम्ही हे दरवेळी विसरता."

जात म्हटल्यावर मुलाचे वडील सावरून बसले. मुलगा मात्र हसला, आणि सोयरीक तिथेच जुळली.

लग्नानंतर परवा दुकानात गेलो, तर साडू आवाज बंद करून व्हिडिओ पाहत होते. तेव्हा कळलं, इंग्रजी त्यांना समजतच नाही. इतकी वर्षं शेजारी बसून लेक अर्थ सांगायची. "ह्यो काय म्हणायलाय, सांगा की जरा," आवाज सुरू करत त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. माझं इंग्रजी दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं. तरी ठोकून दिलं, "म्हणतोय, ही मासळी कळपानं राहते. कुणाला एकटं सोडत नाही."

साडूंनी व्हिडिओ थांबवला.

"तसं काय म्हणत न्हाई त्यो, पोरीनं सांगितलंय मला," म्हणाले, आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं. "पण सांगा."